पाकिटात न दिलेला पासवर्ड

ठाणे-डोंबिवलीकडे लोक नोकरीला जातात, लग्नाला जातात, फ्लॅट बघायला जातात. मी गेले ती मावशीच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी, आणि जाताना ऑफिसातलं एक भांडण बरोबर घेऊन गेले.

भांडण आधी सांगते. मी नागपूरच्या एका संशोधन संस्थेत कम्प्युटर विभाग सांभाळते. तालुक्या-तालुक्यांतले पावसाचे आकडे रोज सकाळी आमच्या मोठ्या मशीनमध्ये येतात. ते तपासून दुपारी बाराच्या आत पुढे पाठवायचे असतात. हे काम माझ्या पासवर्डने होतं. दहा दिवसांची सुट्टी मागितली तेव्हा उपसंचालक म्हणाले, "पासवर्ड एका कागदावर लिहा, पाकिटात घाला, पाकीट माझ्याकडे द्या."

माझ्या आधीच्या माणसाने असं पाकीट दिलं होतं. तो पासवर्ड पुढे चहाच्या खोलीत कपबश्यांच्या कपाटावर खडूने लिहिलेला मी स्वतः पाहिलाय. मी म्हटलं, "पाकीट देणार नाही. जिथे असेन तिथून रोज बाराच्या आत काम करीन."

"परक्या गावात, परक्या कम्प्युटरवरून?"

"हो."

"एक दिवस जरी चुकला, मॅडम, तर चार्ज दुसऱ्याकडे."

अकरा वर्षं मी ते मशीन सांभाळलं होतं. बाईमाणसाला हे काम जमेल का, असं पहिल्या वर्षी विचारणारे आता माझ्याकडे अडचणी घेऊन येत होते. तो चार्ज असा एका पाकिटापायी जाऊ द्यायची माझी तयारी नव्हती.

परक्या कम्प्युटरवर आपला पासवर्ड टाइप करणं म्हणजे घराची किल्ली अनोळखी माणसाच्या हातात देऊन "जरा धरा हं" म्हणण्यासारखं. ते मशीन आपण दाबलेली अक्षरं साठवून ठेवत असेल, तर आपल्याला कळणारही नाही. म्हणून मी आमच्या मशीनवर एकदाच चालणाऱ्या पासवर्डची सोय करून घेतली. निघण्यापूर्वी माझ्या खोलीत बसून पंधरा ओळींची यादी छापली. साठ नंबरपासून सेहेचाळीसपर्यंत, प्रत्येक नंबरापुढे सहा छोटे इंग्रजी शब्द. मशीन नंबर विचारणार, मी त्यापुढचे सहा शब्द टाइप करणार, आणि त्या क्षणी ते शब्द मेले. मग कुणी पाहिले काय, लिहून घेतले काय. सगळी यादी ज्या एका गुप्त वाक्यातून निघते, ते वाक्य फक्त माझ्या डोक्यात होतं. ते इथेही सांगणार नाही. नवी यादी काढायची वेळ आलीच तर त्यासाठीच्या प्रोग्रॅमची फ्लॉपी पर्समध्ये होती. ती कुठल्याही परक्या मशीनमध्ये घालायची नाही, असं ठरवूनच निघाले.

ठाणे

कुमुदमावशीचं ऑपरेशन वर्तकनगरच्या एका लहान हॉस्पिटलात होतं. दोन दिवस मी तिच्याजवळ. मावशीचे यजमान, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, एका सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. डॉक्टरांनी दिलेला प्रत्येक कागद ते दोनदा वाचायचे, झेरॉक्स काढायचे आणि फाइलला लावायचे. औषधाच्या चिठ्ठीवरही त्यांनी तारीख टाकून सही केली होती.

शेजारच्या खाटेवर ॲग्नेसआजी होत्या, घोडबंदर रोडवरच्या गावातल्या. त्यांचंही मोतीबिंदू. नऊवारी लुगडं, गळ्यात क्रूस, आणि आवाज असा की नर्सही दचकायची. मी कम्प्युटरचं काम करते कळल्यावर त्या म्हणाल्या, "आमच्या घरान पन हाय गो बाय कम्प्युटर. पोरगा बोटीवर हाय ना, त्यान आनून ठेवलाय. पन फोन नाय आयला अजून. नुसता झाकून ठेवलाय."

सून फिलोमिना डबा उघडत होती. ती हसली. "सगळे हसतात ओ आम्हाला. फोनशिवाय तो काय कामाचा, म्हणतात."

डब्यात फुगे होते. मैद्याचे तळलेले गोल, किंचित गोडसर. आमच्याकडे हॉस्पिटलात भेटायला येणारा केळी आणतो आणि आजार कसा वाढत जातो ते सांगून जातो. इथे ॲग्नेसआजींनी न विचारता चार फुगे माझ्या हातावर ठेवले आणि दोन मावशीच्या.

पहिल्या दिवशी टेंभी नाक्याजवळच्या सायबर कॅफेत गेले. नवरात्र तोंडावर आलेलं, रस्त्यात मांडवाचे बांबू रोवलेले, ढोलाची तालीम चाललेली. साठ नंबरचे शब्द टाकले आणि आत शिरते न शिरते तोच फोनची लाइन तुटली. साठ नंबर वाया. पुन्हा जोडलं, एकोणसाठ नंबर टाकला, आकडे तपासले, पाठवले. अकरा वाजून वीस मिनिटं. साठ आणि एकोणसाठ या दोन्ही ओळींवर पेनने रेघ मारली. मागे उभा असलेला एक गृहस्थ माझ्या खांद्यावरून सगळं वाचत होता. नागपुरात लोक दुसऱ्याच्या पानाकडे बघतात, इथे दुसऱ्याच्या पडद्याकडे. मी वळून म्हटलं, "लिहून घ्यायचंय का? सांगते परत." तो चपापून पुढच्या कम्प्युटरकडे गेला. दुसऱ्या दिवशी तिथूनच अठ्ठावन्न.

डोंबिवली

तिसऱ्या दिवशी मावशीला घरी आणलं. लोकलमधल्या प्रवासाचं वर्णन गाळते, त्या विषयावर बोलणारे पुष्कळ आहेत.

डोंबिवलीत मला पहिल्यांदा जाणवली ती शिस्त. बिल्डिंगच्या जिन्यात चपला रांगेत, पाण्याच्या वेळेचा कागद दारामागे, वाचनालयाची पुस्तकं वर्तमानपत्राचं कव्हर घातलेली. पाहुणा आला की आमच्याकडे आधी तर्रीवाले पोहे आणि मग चौकशी. इथे आधी, "किती दिवस आहात?" हा प्रश्न, आणि उत्तराप्रमाणे दूध वाढवून घेणं. सुरुवातीला मला राग आला. नंतर लक्षात आलं, पाणी मोजून येत असेल तर माणसं हिशोबी होणारच. प्रेम कमी होतं असं नाही. शेजारच्या वहिनींनी तीन दिवस आमच्या घरी भाजी पाठवली.

अण्णांनी मला पराडकरांकडे नेलं. यांचा मूळचा टायपिंगचा क्लास. एका भिंतीला आठ टाइपरायटर, दुसऱ्या भिंतीला दोन नवे कम्प्युटर आणि फोन. अण्णा रोज सकाळी तिथे जाऊन पाणीपुरवठ्याबद्दल तक्रारअर्ज टाइप करत, तीन प्रतींत. पराडकर माणूस अगदी लाघवी. त्यांनी माझ्यापुढे एक लांबलचक वही ठेवली.

"मॅडम, नाव आणि पासवर्ड लिहा."

"पासवर्ड? वहीत?"

"लोक विसरतात हो. मग परत येतात, रडवेले होतात. म्हणून मीच लिहून ठेवतो सगळ्यांचे. एकाचंही काम अडलेलं नाही आजपर्यंत."

वहीत खरोखर पानंच्या पानं भरली होती. नावं, पासवर्ड, कुणाच्या पुढे मुलीचं नाव, कुणाच्या पुढे स्कूटरचा नंबर. तळपायाची आग मस्तकात गेली. पण पराडकरांच्या चेहऱ्यावर काळजीशिवाय काहीच नव्हतं, हे मलाही दिसत होतं.

मी आधी काम केलं. सत्तावन्न नंबर टाकला, आकडे गेले. मग वही ओढली आणि माझ्या नावापुढे सत्तावन्नचे सहा शब्द ठळक अक्षरांत लिहिले. "घ्या. हा मेलेला आहे. उद्या उपयोगी पडणार नाही."

"मेलेला? म्हणजे उद्या दुसरा? रोज नवा?" पराडकर वहीकडे बघत राहिले. "मग तुम्हाला रोज एक ओळ लागेल माझ्या वहीत."

"लिहीन ना. रोज लिहीन."

चौथा दिवस, पाचवा दिवस. छप्पन्न, पंचावन्न. रोज नाकावर टिच्चून वहीत एक मेलेला पासवर्ड. बारा वाजायच्या आत नागपूरला आकडे. मला वाटायला लागलं होतं की जिंकले.

सहाव्या दिवशी सकाळी मी तासभर बेसावध राहिले. ती चूक माझी, दुसऱ्या कुणाची नाही. मावशीच्या डोळ्यात थेंब घालायची वेळ झाली म्हणून यादी टेबलावर ठेवली आणि उठले. पट्टी सोडून थेंब घातले, पुन्हा बांधली, तिची न्याहारी उरकली, केस विंचरले, परत आले तर टेबलावर यादी होती, पण माझी नव्हती. कोरा करकरीत कागद, स्वच्छ टाइप केलेला, वर मधोमध शीर्षक, नंबरांचा स्तंभ वेगळा, शब्दांचा वेगळा, खाली "मूळ प्रतीवरून तपासले" आणि अण्णांची सही.

"फार खाडाखोड झाली होती गं," अण्णा दारातूनच म्हणाले. जिना चढून आल्याची धाप अजून होती. "पराडकरांकडे गेलो आणि फेअर कॉपी करून आणली. तीन प्रती काढल्यात."

"तीन?"

"एक तुला, एक माझ्या फाइलला. आणि एक पराडकरांकडे, कम्प्युटरशेजारी काचेखाली. रोज पर्स उघडत बसायला नको तुला."

रागाच्या भरात माझ्या तोंडून अस्सल नागपुरी निघालं, "काय करून राहिले अण्णा तुम्ही हे! नोकरी जाईल ना माझी!"

अण्णा पांढरे पडले. छत्तीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्या फेअर कॉपीला कुणी असं बोललं नसेल. एका डोळ्याला पट्टी बांधलेली मावशी आतून म्हणाली, "मला एका डोळ्याने दिसतं तेवढं ह्यांना दोन डोळ्यांनी दिसत नाही." मला त्यांची दया आली, पण थांबायला वेळ नव्हता. दहा वाजले होते.

पराडकरांकडे पोचले. काचेखाली प्रत होती, अगदी सरळ लावलेली. कम्प्युटरला बसले. त्या दिवशी मशीनने चोपन्न नंबर विचारायला हवा होता. त्याने विचारला त्रेपन्न.

चोपन्न कुणीतरी वापरला होता. कुणीतरी माझ्या मशीनमध्ये शिरून आलं होतं.

"पराडकर, याला कुणी हात लावला?"

पराडकर हातरुमालाने कपाळ पुसायला लागले. "मीच लावला, मॅडम. म्हटलं, तुम्ही येईपर्यंत जोडून ठेवावं, तुमचा वेळ वाचेल. लागलं पण. मग पुढे काय करायचं ते कळेना, म्हणून बंद केलं. आईशप्पथ, दोन मिनिटंसुद्धा नाही."

मी त्रेपन्न नंबरने आत गेले आणि पहिल्यांदा नोंद पाहिली. चोपन्न नंबर, इथूनच, दीड मिनिट, एकाही फाइलला हात नाही. मग आकडे पाठवले. त्या दिवसाचं काम झालं. पण बावन्नपासून सेहेचाळीसपर्यंत सात जिवंत पासवर्ड काचेखाली होते, आणि तेवढ्या वेळात तिथे किती गिऱ्हाइकं बसून गेली कुणास ठाऊक.

कागद फाडून उपयोग नव्हता, वाचणाऱ्याच्या डोक्यातलं कसं फाडणार? एकच उपाय होता. मी बाहेर पडले आणि बावन्न नंबरने परत आत शिरले. बाहेर पडले, एक्कावन्न. पुन्हा पन्नास. नुसतं आत जायचं आणि बाहेर यायचं, म्हणजे प्रत्येक वेळी एक ओळ मरते. लाइन हळू, एकेका फेरीला आठ-आठ मिनिटं. मागे बाकावर दोन गिऱ्हाइकं कुरकुरायला लागली.

"बाई, तुमचं नक्की काय चाललंय?"

"दरवाजे लावतेय," मी म्हटलं. "सात आहेत. थांबा."

सेहेचाळीस संपला तेव्हा यादीत एकही जिवंत ओळ उरली नव्हती. आता कुणीही ती गल्लीच्या तोंडाशी चिकटवली असती तरी चाललं असतं. वरच्या नंबराच्या शब्दांवरून खालच्या नंबराचे काढता येत नाहीत, अशीच त्या गणिताची रचना आहे. पण दुसऱ्या दिवशी मशीन पंचेचाळीस विचारणार होतं, आणि पंचेचाळीसचे शब्द माझ्याजवळही नव्हते.

पराडकर अपराधी चेहऱ्याने उभे होते. "मॅडम, इंटरनेटवर मिळतो म्हणे तो हिशोब करणारा प्रोग्रॅम. तुमचं ते गुप्त वाक्य इथेच टाका, दोन मिनिटांत नवी यादी."

सोपं होतं. खरंच दोन मिनिटांचं काम होतं. पण यादी म्हणजे मोजके पासवर्ड, आणि वाक्य म्हणजे सगळेच पासवर्ड, पुढचेही.

"इथे नाही."

"माझ्यावर विश्वास नाही तुमचा?" त्यांचा आवाज दुखावलेला होता.

"तुमच्यावर आहे. या डबड्यावर नाही. दिवसभरात किती लोक यात आपापल्या फ्लॉप्या घालतात? त्यात काय काय शिरलंय ते तुम्हाला तरी माहीत आहे का?"

मला हवा होता असा कम्प्युटर, ज्याला फोन नाही, ज्याच्याशी कुणाचं बोलणं नाही. आणि असा एक मला माहीत होता.

घोडबंदर रोड

दुपारी ठाण्याला जाऊन घोडबंदरची बस धरली. अण्णा हट्टाने बरोबर आले. वाटभर माझी पर्स मांडीवर दोन्ही हातांनी धरून बसले होते.

शहर मागे पडलं की एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला खाडीकडे उतरणारी भातशेतं, दाणे भरायला लागलेली. मधे मधे मोठमोठे फलक, त्यांवर अजून न बांधलेल्या इमारतींची चित्रं आणि चित्रात पोहण्याचे तलाव. फलकाच्या सावलीत दोन म्हशी बसलेल्या. त्या शेतांवर काय येणार आहे ते बघून मला चीड आली. अण्णा फलक वाचून पहिल्यांदा बोलले, "पाणी कुठून देणार हे लोक?"

ॲग्नेसआजींचं घर कौलारू, अंगणात दगडी क्रूस, बांबूच्या काठ्यांवर बोंबील वाळत घातलेले. आजी डोळ्यावर हिरवं झाकण लावून ओट्यावर बसल्या होत्या. मी काय हवंय ते सांगितलं.

"फोन नाय आमच्याकं, सांगलं ना तुना," त्या म्हणाल्या.

"म्हणूनच आले, आजी. फोन नाही म्हणूनच."

आजी जोरात हसल्या. "ऐकला काय गो फिलू? फोन नाय म्हनून आयली!"

कम्प्युटरवर क्रोशाचं झाकण, त्यावर मरियमेची छोटी मूर्ती. फिलोमिनाने मूर्ती उचलून दुसरीकडे ठेवली, झाकण घडी करून बाजूला केलं. मी माझी फ्लॉपी घातली आणि मशीन तिच्यावरूनच सुरू केलं, आतल्या डिस्कला न विचारता. प्रोग्रॅम आला. त्याने गुप्त वाक्य मागितलं. मी बोटं उचलली आणि सवयीने मागे वळून पाहिलं.

फिलोमिना दाराकडे तोंड करून, माझ्याकडे पाठ करून उभी होती. "टाका तुम्ही. मी नाय बघत." आणि अण्णांना म्हणाली, "काका, तुम्ही पन वळा."

अण्णा निमूटपणे वळले.

सहा दिवसांत माझ्या मागे कितीतरी माणसं उभी राहिली होती. पाठ फिरवणारी ती पहिली. तिला कुणी शिकवलं नव्हतं. माझे डोळे भरून आले हे सांगायला मला लाज वाटत नाही. वाक्य टाइप केलं. पंचेचाळीसपासून छत्तीसपर्यंत दहा ओळी हाताने कागदावर उतरवल्या, दोनदा ताडून पाहिल्या, फ्लॉपी काढली, मशीन बंद केलं. मरियम पुन्हा आपल्या जागी.

निघताना आजींनी बोंबलाची चटणी बांधून दिली. शाकाहारी अण्णांनी ती पुडी डोंबिवलीपर्यंत धरून नेली, हे मी त्यांचं प्रायश्चित्त समजले.

कल्याण

डॉक्टर आठवड्यातून दोन दिवस कल्याणला बसत. नवव्या दिवशी मावशीची पट्टी तिथे निघायची होती. तिला आत बसवलं आणि शेजारी लग्नपत्रिका छापणाऱ्या एका दुकानात फोन लावलेला कम्प्युटर होता, तिथे शिरले. दुकानदार आणि दोन वधुपिते, तिघेही पडद्यावर वाकले.

"कसला पासवर्ड म्हणायचा हा, ताई? एवढा लांब?"

मी त्रेचाळीस नंबरचे सहा शब्द मोठ्याने वाचत वाचत टाइप केले. "ओक, हॅम, टॅन, मून, बार्न, काऊ. पाठ करा हवं तर." आकडे गेले. अकरा वाजून पाच मिनिटं. परत आले तर मावशी दोन्ही डोळ्यांनी माझ्याकडे बघत होती. म्हणाली, "केस पांढरे झाले गं तुझे." पट्टी निघाल्यावर तिने पहिलं हे पाहिलं.

दहाव्या दिवशी बेचाळीस. संध्याकाळी निघाले. अण्णांनी हातात एक लांब पाकीट दिलं, काय लिहायचं ते मीच त्या दुपारी सांगितलं होतं. पराडकर स्टेशनवर आले होते. म्हणाले, "वही जाळली, मॅडम. लोकांना सांगितलं, विसरा आणि परत नवा काढा."

नागपूर

पहिल्याच दिवशी उपसंचालकांनी बोलावलं. "दहाही दिवस आकडे आले. ठीक. पण सहाव्या दिवशीची नोंद विचित्र आहे. एका दिवसात नऊ वेळा लॉगिन?"

मी पाकीट पुढे केलं. "तुम्हाला पाकीट हवं होतं ना, सर?"

आत अण्णांनी टाइप केलेली यादी, तीन प्रतींत. साठपासून बेचाळीसपर्यंत प्रत्येक नंबर, त्याचे सहा शब्द, गाव, वेळ आणि शेरा. सगळे मेलेले. चोपन्न नंबरापुढे शेरा होता: "श्री. पराडकर, डोंबिवली, मदतीच्या हेतूने. कालावधी दीड मिनिट." अण्णा हा शेरा लिहायला तयार नव्हते, मीच लिहायला लावला होता.

साहेबांनी बोट नेमकं तिथे ठेवलं. "म्हणजे बाहेरचा माणूस आत आला होता!"

"एक आला. कोण, कुठून, किती वाजता, किती वेळ, ते सगळं तिथे लिहिलंय. तो दरवाजाही बंद झालाय." माझा आवाज चढला होता आणि मी तो उतरवला नाही. "चहाच्या खोलीतल्या कपाटावर पासवर्ड दोन वर्षं होता. त्या दोन वर्षांत किती आले, सर? आहे यादी?"

त्यांनी तिन्ही प्रती एकावर एक लावल्या. मग शिपायाला बोलावून म्हणाले, "आवक नंबर टाका. फाइलला लावा."

शिपायाने तिन्ही प्रतींवर शिक्का मारला आणि एक मला परत दिली. ती मी त्याच दिवशी पोस्टाने डोंबिवलीला पाठवली. चार दिवसांनी अण्णांचा फोन आला.

"शिक्का अगदी सरळ पडलाय," ते म्हणाले. "फाइलला लावली मी."

चार्ज अजून माझ्याकडे आहे. पाकीट ऑफिसच्या कपाटात आहे, आणि त्या कपाटाला मी कुलूप लावू दिलेलं नाही.